व्यापाराच्या डावात पैसे आणि मिळकती यांचा हिशेब वारंवार का चुकतो, आणि तो कसा जुळवावा

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीत चाकरमानी मंडळी गावी आली की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक घरांच्या ओटीवर व्यापाराचा किंवा मोनोपॉलीचा पट पसरला जातो, आणि डाव रंगात येण्याच्या सुमारास तीच ती तक्रार पुन्हा उभी राहते. कोणाजवळ किती पैसे होते, अमुक जागा कोणाच्या नावावर होती, ती गहाण होती की मोकळी, सुरुवातीच्या घरावरून जाताना मिळणारा पगार घेतला गेला की राहिला, या प्रश्नांवर दोन खेळाडूंची दोन मते आणि बँकरचे तिसरे मत असते. पुरावा मात्र कोणाकडेच नसतो. पुढील टिपण या तक्रारीच्या निवारणासाठी आहे. त्यातील आकडे मोनोपॉलीच्या सध्याच्या प्रमाण आवृत्तीचे आहेत. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या व्यापाराच्या पेट्यांमध्ये निर्मात्यागणिक नोटा, किमती आणि नियम बदलतात, त्यामुळे तेथे पद्धत हीच ठेवून आकडे आपापल्या नियमपत्रिकेवरून घ्यावेत. चलनाचे नाव काहीही छापलेले असले तरी घरात सगळे रुपयेच म्हणतात, म्हणून येथेही रुपयेच म्हटले आहे.

हिशेब चुकला की पहिला संशय लबाडीवर जातो, आणि घरातील एखादा भाचा त्या बाबतीत नावाजलेला असेल तर चौकशी तेथेच संपते. प्रत्यक्षात बहुतेक गोंधळ लबाडीविनाच होतो, कारण खेळातील नोट हातात आत्ता किती शिल्लक आहे एवढेच सांगते. ती कोठून आली, कशासाठी आली, याचा कोणताही माग तिच्यावर राहत नाही. यावर उपाय म्हणून काही घरांत प्रत्येक व्यवहार वहीत लिहायला घेतात. ही पद्धत टिकत नाही. खेळ रंगला की लिहिणारा मागे पडतो, अर्ध्या नोंदी राहून जातात, आणि अर्धवट लिहिलेली वही ही मुळीच न लिहिलेल्या वहीपेक्षा अधिक भांडणे लावते, कारण तिचा आधार प्रत्येकाला आपापल्या बाजूने घेता येतो.

म्हणून काय लिहायचे नाही, हे आधी ठरवावे. दोन खेळाडूंमधील भाडे मुळीच लिहू नये. तेथे एकाचे जेवढे जाते तेवढेच दुसऱ्याचे येते, दोघेही त्या क्षणी जागे असतात, आणि दोघांचे हित परस्परविरुद्ध असल्यामुळे चूक झाली तर ती तेथल्या तेथे पकडली जाते. बँकेशी होणाऱ्या व्यवहारात असा समोरचा पक्षच नसतो. बँकेचे दोनशे जास्त गेले तर ओरडणारे कोणी नाही. तेव्हा लिहायचे ते एवढेच: बँकेत आलेला किंवा बँकेतून गेलेला पैसा, आणि मिळकतीच्या मालकीत किंवा बोज्यात झालेला बदल. पहिल्यासाठी एक कागद आणि दुसऱ्यासाठी एक कागद, असे दोन कागद पुरतात.

डाव सुरू होण्याआधी पेटी मोजावी

सध्याच्या प्रमाण पेटीत १, ५, १०, २०, ५०, १०० आणि ५०० अशा सात किमतींच्या प्रत्येकी ३० नोटा असतात आणि त्यांची बेरीज २०,५८० होते. जुन्या पेट्यांत नोटांची संख्या वेगळी असते, शिवाय वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेल्या पेटीतल्या काही नोटा कसरीने खाल्लेल्या, काही पत्त्यांच्या जोडात गेलेल्या आणि काही लहान मुलांनी दुकान-दुकान खेळताना संपवलेल्या असतात. म्हणून छापील बेरजेवर विसंबून न राहता प्रत्येक किमतीच्या नोटा प्रत्यक्ष मोजाव्यात, बेरीज करावी आणि ती झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावी. या आकड्याला पुढे आपण पेटीची बेरीज म्हणू. ही मोजणी टाळली तर पुढचा कोणताही ताळा घेता येत नाही.

प्रत्येक खेळाडूला १,५०० मिळतात: ५०० च्या दोन, १०० च्या चार, ५० ची एक, २० ची एक, १० च्या दोन, ५ ची एक आणि १ च्या पाच. वाटप झाल्यावर प्रत्येकाने आपले पैसे स्वतः न मोजता शेजारच्याचे मोजावेत. चार खेळाडू असतील तर ६,००० वाटले जातात आणि बँकेत १४,५८० उरतात. हा आकडा बँकेच्या कागदाच्या पहिल्या ओळीवर आरंभीची शिल्लक म्हणून लिहावा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पटावरील सर्व २८ मिळकतींची छापील किमतीने बेरीज ५,६९० होते, म्हणजे चौघांच्या हाती मिळून सुरुवातीलाच सगळा पट विकत घेण्याइतका पैसा असतो. त्यामुळे पहिल्या तासात बँकेकडे पैशाचा मोठा ओघ येतो, खेळाडू घाईत असतात, आणि पुढे सापडणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच याच तासात झालेल्या असतात.

दोन ताळे, आणि दोन्ही का लागतात

बँकेच्या कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूला जमा, म्हणजे बँकेत आलेला पैसा; उजव्या बाजूला नावे, म्हणजे बँकेतून गेलेला. मिळकतीची विक्री, घरांची विक्री, कर, दंड आणि सोडवलेल्या गहाणाची रक्कम जमेच्या बाजूला. पगार, चान्स व कम्युनिटी चेस्टच्या पत्त्यांवर मिळालेले पैसे, गहाणापोटी दिलेली रक्कम आणि परत घेतलेल्या घरांचे पैसे नावेच्या बाजूला. पगारासाठी प्रत्येक वेळी २०० लिहिण्याची गरज नाही; प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एकेक उभी रेघ मारावी आणि पाचवी रेघ आडवी ओढून जुडी बांधावी. मोड देण्याची नोंद करू नये, कारण ५०० ची एक नोट घेऊन १०० च्या पाच दिल्याने बँकेची शिल्लक बदलत नाही.

आता ताळा. पहिला ताळा असा की बँकेतील रोकड आणि सर्व खेळाडूंच्या हातातील रोकड यांची बेरीज पेटीच्या बेरजेइतकी यायला हवी. दुसरा असा की बँकेत प्रत्यक्ष असलेली रोकड ही आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे, एवढी यायला हवी. अनेक घरांत पहिला ताळा जुळला की हिशेब बरोबर आहे असे मानून पुढे खेळतात, आणि नेमकी येथे फसगत होते. पहिला ताळा फक्त हरवलेली नोट दाखवतो. बँकेतून चुकून जास्त गेलेला पैसा पेटीच्या बाहेर गेलेला नसतो, तो कोणाच्या तरी हातात असतो, त्यामुळे एकूण बेरीज तशीच राहते.

चौघांच्या डावाचे एक उदाहरण घेऊ. तासाभराने बँकेच्या कागदावर मिळकतींच्या विक्रीचे ३,६८०, घरांचे ८०० आणि करांचे ४०० असे ४,८८० जमा आहेत; ११ पगारांचे २,२००, पत्त्यांवरचे ३५० आणि गहाणापोटी २४० असे २,७९० नावे पडले आहेत. १४,५८० मध्ये ४,८८० मिळवून २,७९० वजा केले की १६,६७० येतात. डबा मोजला तर १६,४७० निघाले. खेळाडूंच्या हातात मिळून ४,११० आहेत. १६,४७० आणि ४,११० यांची बेरीज २०,५८०, म्हणजे पहिला ताळा चोख जुळतो. पण दुसरा २०० ने चुकतो. पाटाखाली नोटा शोधण्यात येथे अर्थ नाही. बँकेने दोनशे जास्त दिले आहेत, किंवा जमेला लिहिलेले दोनशे घ्यायचे राहिले आहेत.

दर वेळी हा ताळा घेत बसण्याची आवश्यकता नाही. पहिल्यांदा सगळ्या मिळकती विकल्या गेल्यावर आणि त्यानंतर चहाच्या वेळी एकदा, एवढे पुरते. दोन ताळ्यांमधील काळ जितका थोडा, तितकी शोधण्याची चूक थोड्या ओळींत दडलेली असते.

फरकाच्या आकड्यावरून चूक ओळखणे

फरक निघाला की सगळी वही पहिल्यापासून वाचू नये. जुने मुनीम आणि बँकांतील कारकून आधी फरकाच्या आकड्याकडे पाहत, कारण चुकीचा प्रकार त्या आकड्यावर उमटलेला असतो, आणि ही युक्ती खेळाच्या पैशालाही तंतोतंत लागू पडते.

फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर दोनपैकी एक गोष्ट घडलेली असण्याचा संभव मोठा. एक, शून्य कमी-जास्त झाले: ५० च्या जागी ५ दिले-घेतले तर फरक ४५, ५०० च्या जागी ५० तर ४५०, १०० च्या जागी १० तर ९०. दमट हवेत रंग उतरलेल्या जुन्या नोटांत असे फार होते. दोन, लिहिताना अंकांची अदलाबदल झाली: २६० ची मिळकत विकून ६२० लिहिले तर फरक ३६०, आणि त्यालाही नऊने भाग जातो. पहिल्या प्रकारात दोष नोटांत असतो आणि दुसऱ्यात कागदावर, म्हणून आधी कागद तपासावा. ते सोपे असते आणि कोणाच्या हातातले पैसे मागावे लागत नाहीत.

फरक नऊच्या पाढ्यात नसेल तर तो निम्मा करून पाहावा. जमेची रक्कम नावेला किंवा नावेची जमेला लिहिली गेली की तिच्या दुप्पट फरक पडतो. ३०० छापील किमतीची मिळकत गहाण ठेवून बँकेने दिलेले १५० चुकून जमेच्या बाजूला लिहिले तर बँकेत ३०० कमी आहेत असे दिसेल. अशा वेळी ३०० चा व्यवहार शोधून तो सापडत नाही. १५० चा शोधला की सापडतो.

फरक नेमका ४०० असेल तर १०० च्या नोटेऐवजी ५०० ची दिली गेली असावी, ३० असेल तर २० ऐवजी ५० ची. ५०, १०० किंवा ५०० असा एकाच नोटेएवढा फरक असेल तर दोन नोटा एकमेकींना चिकटून गेल्या आहेत का हे पाहावे. पावसाळ्यात हे कारण इतके नेहमीचे आहे की मी ते सर्वांत आधी तपासतो.

२०० चा फरक मात्र त्रासदायक असतो, कारण हा आकडा या पटावर फार ठिकाणी येतो. पगार २००, प्राप्तिकर २००, चारही रेल्वे स्थानकांची किंमत प्रत्येकी २००, पटाच्या शेवटच्या बाजूवरील प्रत्येक घर २००. अशा वेळी दिशा पाहावी. वरच्या उदाहरणाप्रमाणे बँकेत २०० कमी असतील तर पगार दोनदा गेला असेल आणि रेघ एकच मारली असेल, किंवा कर अथवा स्थानकाची किंमत जमेला लिहून पैसे घ्यायचे राहिले असतील. जास्त असतील तर रेघ मारून पगार द्यायचा राहिला असावा. सर्वांत लवकर होणारी तपासणी मिळकतींची आहे: खेळाडूंसमोर मांडलेल्या सर्व कार्डांवरील छापील किमतींची बेरीज करावी, लिलावात गेलेल्या कार्डांसाठी लिलावाची रक्कम धरावी, आणि ती जमेच्या बाजूच्या विक्रीच्या बेरजेशी ताडून पाहावी. ती जुळली तर निदान सगळ्या विक्रीची नोंद झाली आहे एवढे निश्चित होते आणि लक्ष पगाराच्या रेघांकडे वळवता येते.

पगाराचा वाद होऊच नये यासाठी एक साधा नियम पुरतो: सोंगटी सुरुवातीच्या घरावर आली किंवा त्यावरून गेली की बँकरने न मागता २०० पुढे ठेवावेत आणि रेघ मारावी, आणि पुढच्या खेळाडूचे फासे पडल्यानंतर मागचा पगार मागता येऊ नये. आत्या वयाने मोठी आहे म्हणून तिला तीन पाळ्यांनंतर पगार देण्याची सवलत दिली, की धाकट्यांना ती नाकारताना बँकरची पंचाईत होते.

बँकर कोण असावा आणि बँक कोठे असावी

बँकर स्वतः खेळत असेल तर त्याचे पैसे आणि बँकेचे पैसे यांच्यात अंतर हवे. मूळ नियमही हेच सांगतात की बँकरने आपली रक्कम बँकेच्या रकमेपासून वेगळी ठेवावी, आणि पाचपेक्षा अधिक खेळाडू असतील तर त्याला वाटल्यास न खेळता केवळ बँक सांभाळता येते. हे अंतर मनात असून भागत नाही, ते हातभर तरी असायला हवे: बँक उजव्या हाताला पाटावर आणि स्वतःचे पैसे डाव्या मांडीपाशी. घरात न खेळणारे आजोबा असतील तर बँक त्यांच्याकडे देण्याचा मोह होतो आणि सकाळच्या डावात ते उत्तमही असते. दुपारच्या जेवणानंतरच्या डावात मात्र बँकेला वामकुक्षीची सुट्टी पडते आणि तेवढ्यात तीन हात डब्यात जाऊन येतात.

बँकेसाठी मिसळणाचा डबा घ्यावा असे अनेकांना सुचते, कारण सात वाट्या आणि सात किमतींच्या नोटा असा योग जुळून येतो. पण नोटा वाट्यांत मावत नाहीत आणि मावल्या तरी हळदीच्या होतात. साडीच्या खोक्यात पुठ्ठ्याचे सात कप्पे करणे अधिक बरे. खोक्यात हात फक्त बँकरचा जाईल. पैसे देणाऱ्याने नोट आधी सर्वांना दिसेल अशी पटाच्या मध्यभागी ठेवावी, बँकरने परतीचे पैसे तिच्या शेजारी मांडावेत, आणि घेणाऱ्याने ते उचलल्यावरच मूळ नोट खोक्यात जावी. ‘मी शंभराची दिली होती’, ‘नाही, पन्नासाची होती’ हा संवाद या एका सवयीने बंद होतो.

सुटे पैसे संपले म्हणून भाडी दहाच्या पटीत करून टाकण्याची युक्ती काही घरांत चालते. ती करू नये. सर्वांत स्वस्त जागांचे मोकळे भाडे २ आणि ४ असते. ते एक तर शून्य होते किंवा १० होते, आणि दोन्हीकडून खेळाचा तोल बिघडतो. त्याऐवजी १ आणि ५ च्या नोटांची मोड बँकरने अधूनमधून खेळाडूंकडून परत मागून घ्यावी. बँकेतील रोकडच संपली तर खेळ थांबत नाही. बँकेचे दिवाळे निघत नाही आणि साध्या कागदावर रक्कम लिहून ती पैसे म्हणून चालवता येते, असा मूळ नियमच आहे. मात्र अशी चिठ्ठी काढली की तिची रक्कम पेटीच्या बेरजेत आणि बँकेच्या आरंभीच्या शिलकेतही मिळवून लिहावी, अन्यथा दोन्ही ताळे त्या क्षणापासून निरुपयोगी होतात.

मिळकतींचा सातबारा

रोकडीची चूक शेकड्यांत असते. मिळकतीची चूक सबंध डाव फिरवते. या खेळाचे मूळच तसे आहे. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली अमेरिकेत ज्या जमीनदाराच्या खेळाचे पेटंट घेतले, त्याचा हेतू जमिनीच्या भाड्यामुळे संपत्ती थोड्यांच्या हाती कशी गोळा होते हे दाखवण्याचा होता, आणि पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली तेव्हा तो हेतू मागे पडला तरी भाड्याची यंत्रणा तशीच राहिली. एका रंगाच्या सर्व जागा एकाच्या हाती आल्या की मोकळ्या जागेचेही भाडे दुप्पट होते आणि घरे बांधता येतात. त्यामुळे एका कार्डाची मालकी चुकीची ठरली तर त्यामागून घेतलेली प्रत्येक भाड्याची रक्कम चुकीची ठरते, आणि ती मागे जाऊन दुरुस्त करणे अशक्य असते.

कोकणातल्या माणसाला मालकीची नोंद कशी ठेवावी हे शिकवण्याची गरज नाही. दीड गुंठ्याच्या सातबाऱ्यावर वीस-बावीस नावे आणि त्यातली निम्मी मुंबईत, हे पाहत तो मोठा झालेला असतो. तोच नमुना येथे वापरावा. एका कागदावर २८ ओळी आखाव्यात: २२ जागा, ४ स्थानके, वीज आणि पाणी या २ कंपन्या. प्रत्येक ओळीत चार रकाने: मिळकत, मालक, फेरफार आणि इतर अधिकार. मालक बदलला की जुने नाव खोडून गिचमिड करू नये. पूर्वी तलाठी जसे कमी झालेल्या नावाला कंस करत तसा कंस करून पुढे नवे नाव लिहावे. फेरफाराच्या रकान्यात बदल कसा झाला तेवढे एका शब्दात लिहावे: खरेदी, लिलाव, अदलाबदल, दिवाळे. गहाण ठेवले की इतर अधिकारांत बोजा लिहावा, सोडवले की त्याला कंस.

फेरफाराचा रकाना अनावश्यक वाटतो, पण अदलाबदलीच्या वेळी त्याचीच गरज पडते. मामाने दोन पिवळ्या जागांच्या बदल्यात एक स्थानक आणि ३०० घेतले, आणि ‘त्या पिवळ्या जागांवर मी आलो तर पहिले भाडे घ्यायचे नाही’ अशी तोंडी पुस्ती जोडली, तर पाऊण तासाने ती पुस्ती एकालाच आठवते. आमच्या घरचा निर्णय असा की सातबाऱ्यावर न लिहिलेली कोणतीही अट बंधनकारक नाही. यामुळे तोंडी अटी जवळजवळ बंदच झाल्या, कारण लिहून घ्यायला लागल्यावर देणाऱ्याचा उत्साह मावळतो.

लिहिणारा बँकर नसावा. ज्याच्याकडे रोकड आहे त्याच्याकडेच मालकीचा कागद दिला तर दोन नोंदी एकमेकींना तपासत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे. या वयात नियमांबाबतची कठोरता मोठ्यांपेक्षा अधिक असते.

गहाण: सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट

गहाण मिळकतीचे कार्ड पालथे ठेवायचे असा नियम आहे आणि बहुतेकांना तो ठाऊक असतो. अडचण अशी की पालथे कार्ड सुलटे व्हायला वाऱ्याची झुळूक किंवा दोन वर्षांचा पुतण्या पुरतो, आणि एकदा सुलटे झाले की ती जागा पुन्हा भाडे घेऊ लागते. म्हणून कार्डाच्या बाजूपेक्षा सातबाऱ्यावरील बोजा प्रमाण मानावा. भाडे मागताना मालकाने जागेचे नाव उच्चारावे आणि लिहिणाऱ्याने बोजा असल्यास तेवढे सांगावे.

रकमांतही गोंधळ होतो. गहाणापोटी मिळकतीच्या छापील किमतीच्या निम्मी रक्कम मिळते, आणि सोडवताना तीच रक्कम अधिक १० टक्के व्याज द्यावे लागते. ६० ची जागा गहाण ठेवली तर ३० मिळतात आणि सोडवायला ३३ लागतात. ३५० च्या जागेवर १७५ मिळतात, व्याज साडेसतरा होते आणि अर्ध्या रुपयाची नोट नसल्यामुळे वरच्या आकड्यावर नेऊन १९३ घ्यावेत. जागेवर किंवा तिच्या रंगाच्या दुसऱ्या कोणत्याही जागेवर घर उभे असेल तर आधी ती घरे निम्म्या किमतीत बँकेला परत करावी लागतात. गहाण असलेली मिळकत दुसऱ्याला दिली तर नव्या मालकाने लगेच १० टक्के बँकेत भरायचे असतात, आणि त्याच वेळी न सोडवता पुढे कधी सोडवली तर ते १० टक्के पुन्हा द्यावे लागतात. हा शेवटचा नियम फारच थोड्या घरांत पाळला जातो, आणि तो पाळायचा की नाही हे डावाच्या आधी ठरवले नाही तर दिवाळे निघण्याच्या प्रसंगी हमखास वाद होतो, कारण तेव्हा गहाण मिळकतींचा गठ्ठाच्या गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

याच्याच जोडीला उधारी. खेळाडूंनी एकमेकांना पैसे उसने देणे मूळ नियमात बसत नाही. पैसे उभे करायचे तर बँकेकडे गहाण ठेवून. घरोघर मात्र ‘राहू दे, नंतर दे’ चालते, विशेषतः आजीच्या बाबतीत. आजीला सूट द्यायची असेल तर भाडे सरळ माफ करावे. माफ केलेल्या भाड्याचा हिशेब ठेवावा लागत नाही. उधारीचा ठेवावा लागतो आणि तो कोणीच ठेवत नाही.

घरे, वारा आणि दमट हवा

पेटीत ३२ घरे आणि १२ हॉटेले असतात आणि ती संपली की नवे बांधकाम थांबते. ही टंचाई खेळाचाच भाग आहे. हरवलेल्या घरांच्या जागी चिंचोके वापरावेत, पण सगळे मिळून ३२ च भरतील इतकेच मोजून घ्यावेत, वाटीभर ओतून ठेवू नयेत. हॉटेलांसाठी काजूची बी चालते, मात्र वाळलेली. ओल्या बीच्या टरफलातील तेलाने मुलांची बोटे भाजतात आणि पटावर न जाणारे डाग पडतात.

ओटीवर बसायचे तर वाऱ्याची वेळ पाहावी. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री मतलई वारे उलट दिशेने वाहतात, तेव्हा दुपारच्या डावात बँकेचा खोका समुद्राकडील भिंतीच्या आडोशाला ठेवावा. पंख्याखाली बसू नये. जूननंतर नोटा चिकटतात. डावाआधी त्यांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरून गठ्ठा पिसून घेतला की त्या सुट्या होतात. पेटी माळ्यावर न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर कसरही लागत नाही.

यंत्रावर हिशेब सोपवावा का, असे काहीजण विचारतात. नोटांऐवजी कार्डे आणि छोटे यंत्र असलेली मोनोपॉली २००६ मध्ये ब्रिटनमध्ये आली, आणि आता मोबाइलवरही बँक चालवता येते. बेरजेच्या चुका त्याने नक्की थांबतात. पण चुकीच्या खात्यात गेलेले दोनशे यंत्र तितक्याच बिनचूकपणे चुकीच्या खात्यात ठेवते, शिवाय मालकी आणि बोजा यांची नोंद पुष्कळदा हातानेच ठेवावी लागते. लहान मुले खेळात असतील तर मी नोटाच पसंत करतो. ५०० ची मोड करताना त्यांची वजाबाकी पक्की होते.

डाव अर्धवट राहिला, किंवा कोणी मध्येच उठले

वीज जाणे, पाहुणे येणे किंवा गणपतीची आरती यांमुळे डाव दुसऱ्या दिवसावर गेला तर पट तसाच ठेवून वर चादर घालू नये. सकाळी केर काढणाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो. दोन्ही ताळे घ्यावेत, पटाचा आणि दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो काढावा, प्रत्येक खेळाडूची रोकड आणि कार्डे एका पाकिटात घालून पाकिटावर नाव, रोकड आणि सोंगटीची जागा लिहावी. तुरुंगात असलेल्याच्या पाकिटावर किती पाळ्या झाल्या तेही लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येक कैदी सुटायच्या पाळीलाच पोहोचलेला असतो.

मुंबईची गाडी पकडण्यासाठी कोणी डाव सोडून निघाले तर त्याच्या मिळकती जवळच्या माणसाला देऊन टाकण्याची प्रथा आहे, आणि ती प्रथाच उरलेला डाव नासवते. काका जाताना सगळे आपल्या मुलीला देतात आणि पुढच्या फेरीत बाकीचे तिघे बुडतात. अशा खेळाडूचे बँकेकडेच दिवाळे निघाले असे मानावे: त्याची घरे-हॉटेले काढून परत पेटीत, रोकड बँकेत जमा, मिळकतींवरील बोजे रद्द, आणि प्रत्येक मिळकतीचा उरलेल्यांमध्ये एकेक करून लिलाव. सातबाऱ्यावर त्याच्या नावाला सगळीकडे कंस करावा, फेरफाराच्या रकान्यात ‘दिवाळे’ लिहावे, रोकड आणि लिलावाच्या रकमा बँकेच्या कागदावर जमेला घ्याव्यात, आणि पुढचे फासे टाकण्यापूर्वी दुसरा ताळा एकदा घ्यावा.